खुकरीला ऐकू का आलं नाही?

मित्रांनो, कॉलेजच्या अंकाचा मराठी विभाग म्हटला की पहिला पाऊस, आई, मैत्री आणि मेसची भाजी हे चार विषय ठरलेले. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (मेसच्या भाजीबद्दल आहे, पण ती वेगळ्या वहीत लिहून ठेवली आहे!) यंदा मात्र मी एका जहाजाबद्दल लिहायचं ठरवलंय. तेही बुडालेल्या.

माझ्या रूम पार्टनरने विषय ऐकल्याबरोबर विचारलं, "तुझा अन् समुद्राचा काय संबंध बे?" प्रश्न बरोबर आहे. मी शेंदूरजनाघाटचा. विदर्भात शेंदूरजना नावाची गावं आणखीही आहेत, म्हणून आम्हाला प्रत्येक फॉर्मवर 'घाट' जोडून लिहावं लागतं. मागे सातपुडा, पलीकडे मध्य प्रदेश, आणि मधे जिकडे पाहाल तिकडे संत्र्याच्या बागा आणि कलमांच्या नर्सऱ्या. समुद्र आमच्यापासून सातशे किलोमीटरच्या पलीकडे. आमच्याकडे पाणी म्हणजे बोअर. वरुड तालुक्यात आठशे, हजार फूट बोअर मारली तरी पाणी लागेलच याचा भरवसा नाही. मृग बहार धरायचा की आंबिया, हा प्रश्नसुद्धा शेवटी खाली पाणी किती यावरच येऊन थांबतो.

पण आमच्या गल्लीत एक काका आहेत. नौदलात इंजिनरूममध्ये पंधरा वर्षं काढून आले आणि आता संत्र्याची बाग करतात. लहानपणी आम्ही पोरं त्यांना समुद्राच्या गोष्टी विचारायचो, तर ते हसून म्हणायचे, "समुद्र कोनं पाह्यला रे पोट्टेहो? आमी खाली बॉयलरजवळ. समुद्र मले ऐकूच जास्त आला." १९७१च्या लढाईनंतर काही वर्षांनी ते भरती झाले, त्यामुळे लढाई त्यांनी पाहिलेली नाही. पण ट्रेनिंगमध्ये एका जहाजाचं नाव वरचेवर यायचं, ते त्यांनी आम्हालाही सांगितलं. आयएनएस खुकरी. तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यात बसलेलं आहे. आणि यावर्षी फायनल इअरच्या प्रोजेक्टमुळे ते पुन्हा वर आलं. कसं, ते पुढे सांगतो.

जहाजाचं शेवटी होतं काय?

आपण मेकॅनिकलवाले प्रत्येक यंत्राचं 'लाइफ' काढतो. मग युद्धनौकेचं शेवटी काय होतं? बहुतेक जहाजांच्या नशिबी भंगार असतं. आपली 'राजपूत' ही विनाशिका घ्या. दुसऱ्या महायुद्धात ती 'रॉदरहॅम' या नावाने ब्रिटिश नौदलात होती. १९४९मध्ये ती आपल्याकडे आली, १९७१च्या युद्धातही उतरली, आणि १९७६मध्ये तोडली गेली. विक्रांतचं तर आपल्याला माहीतच आहे. २०१४मध्ये मुंबईत ती तोडली आणि तिच्या पोलादाचा काही भाग २०१६मध्ये बजाजच्या 'व्ही' गाडीत आला. आमच्या पार्किंगमध्ये अशी एक गाडी उभी असते. तिचा मालक रोज किक मारताना विक्रांतची शपथ घालतो, तरी ती सुरू होत नाही, तो भाग निराळा.

काही थोड्या जहाजांचं संग्रहालय होतं. आणि काही जहाजं भंगारातही जात नाहीत, संग्रहालयातही नाही. ती जिथे लढली तिथेच तळाशी राहतात, आतल्या माणसांसकट.

१९७१च्या डिसेंबरात अरबी समुद्रात पाच दिवसांच्या अंतराने अशी दोन मोठी जहाजं तळाला गेली. एक त्यांचं, एक आपलं. पहिल्याची आठवण म्हणून आपण दरवर्षी दिवस साजरा करतो. दुसऱ्याची तारीख विचारली तर आमच्या अख्ख्या विंगमध्ये एकालाही सांगता आली नाही.

४ डिसेंबर

पहिलं जहाज म्हणजे पाकिस्तानची विनाशिका 'खैबर'. हीसुद्धा मूळची ब्रिटिश. १९४४मध्ये ग्लासगोतल्या गोव्हनला पाण्यात उतरली, तेव्हा तिचं नाव होतं 'काडिझ'. पुढे १९५०च्या दशकात ती पाकिस्तानने घेतली. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कमांडर बब्रू भान यादव यांच्या नेतृत्वाखाली निपात, निर्घात आणि वीर या आपल्या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. सोबतीला किल्तन आणि कच्छल ही दोन जहाजं. निर्घातने रशियन बनावटीची दोन क्षेपणास्त्रं सोडली आणि खैबर बुडाली. तिच्यावरच्या लोकांना शेवटपर्यंत वाटत होतं की आपल्यावर विमानाने हल्ला केला! क्षेपणास्त्र म्हणजे काय हे त्यांच्या हिशोबातच नव्हतं. जवळपास सव्वादोनशे खलाशी गेले. हे होतं 'ऑपरेशन ट्रायडेंट', आणि म्हणून ४ डिसेंबर हा आपला नौदल दिन. २०२३मध्ये तो आपल्या सिंधुदुर्गात, मालवणजवळ तारकर्लीला साजरा झाला. तेव्हा टीव्हीवर सगळ्यांनी पाहिला असेल.

विजय मोठा होता यात शंकाच नाही. पण इंजिनीअरच्या नजरेने पाहिलं तर खैबरवर एक गोष्ट घडली. समोरच्याकडे नवं यंत्र होतं आणि आपल्याकडे ते ओळखण्याचं साधन नव्हतं. एवढं लक्षात ठेवा. कारण पाच दिवसांनी तीच गोष्ट उलट दिशेने घडली.

९ डिसेंबर

खुकरी ही विनाशिका नव्हे. विनाशिकेपेक्षा लहान, पाणबुडी शोधून मारण्यासाठी बांधलेली फ्रिगेट. इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, तिथल्या काऊझ गावी जे. सॅम्युएल व्हाइट यांच्या गोदीत ती बांधली गेली. १९५६मध्ये पाण्यात उतरली आणि १९५८मध्ये आपल्या नौदलात आली. सुमारे ३१० फूट लांब, साधारण बाराशे टनांची. ब्रिटिशांनी हा नमुना मुद्दाम स्वस्तात आणि भराभर बांधता येईल असा केला होता. एकच शाफ्ट, एकच प्रॉपेलर, तोफा अगदी हलक्या, आणि पाणबुडीवर बॉम्ब फेकणारे 'लिंबो' मॉर्टर. तिच्या दोन बहिणी होत्या, किरपाण आणि कुठार. तिन्ही नावं शस्त्रांची.

युद्ध सुरू झाल्यावर सौराष्ट्राच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर एक पाकिस्तानी पाणबुडी फिरते आहे असा सुगावा नौदलाला लागला. कुठारच्या बॉयलररूममध्ये स्फोट झाल्यामुळे ती आधीच बाहेर पडली होती. मग खुकरी आणि किरपाण ८ डिसेंबरला मुंबईहून निघाल्या. खुकरीवर कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला होते. गोरखपूरला जन्मलेले, वय ४५.

समोरची पाणबुडी होती 'हँगोर'. फ्रान्समध्ये बांधलेली, पाकिस्तानी नौदलात येऊन दोनच वर्षं झालेली. तिचे प्रमुख कमांडर अहमद तस्नीम. गंमत पाहा, 'हांगोर' हा बंगाली शब्द आहे, अर्थ शार्क मासा. ज्या बंगालीसाठी पूर्वेकडे रक्त सांडत होतं, त्याच भाषेतलं नाव! आणि आठवड्याभरात तो बंगाल पाकिस्तानचा राहिलाही नाही.

९ तारखेच्या पहाटेच हँगोरला या दोन जहाजांची चाहूल लागली होती. दिवसभर तिने पाठलाग केला. आपली जहाजं एका ठरावीक चौकोनात फिरून शोध घेत होती, वेग कमी. तस्नीमने त्यांच्या वाटेचा अंदाज बांधला आणि आधीच तिथे जाऊन थांबला. दोन्ही जहाजांना तिचा पत्ता नव्हता.

रात्री ८.५०चा सुमार. दीवपासून साधारण चाळीस सागरी मैलांवर हँगोरने पहिला पाणतीर किरपाणवर सोडला. तो तिच्याखालून निघून गेला, फुटलाच नाही. दुसरा खुकरीवर. तो तिच्या पोटाखाली फुटला.

पाणतीर जहाजाच्या अंगावर आदळण्यापेक्षा त्याच्या खाली फुटणं जास्त वाईट, हे मला यंदा वाचताना कळलं. स्फोटाच्या वायूचा फुगा जहाजाला मधोमध उचलतो, मग फुगा बसला की खालचा आधार जातो. बीमच्या मधोमध आधी वर लोड आणि लगेच खाली! आपण स्ट्रेंथ ऑफ मटेरियलमध्ये आकृती काढून दहा मार्क मिळवतो, तेच. जहाजाचा कणा मोडतो. खुकरी काही मिनिटांत गेली. तस्नीमच्या सांगण्याप्रमाणे दोनच मिनिटांत.

दोन मिनिटं म्हणजे किती? आमच्या हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून लाइट गेल्यावर चप्पल शोधून खाली यायलाच तेवढी लागतात. आणि इथे तर जहाज तिरकं झालेलं, अंधार, अरुंद शिड्या आणि आत येणारं पाणी. खाली बॉयलर आणि इंजिनजवळ जे होते त्यांना वर यायला वेळच मिळाला नाही. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी, एकूण १९४ माणसं गेली. ६७ वाचली. त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कच्छलने पाण्यातून काढलं. होय, तीच कच्छल, जी ४ डिसेंबरच्या विजयाला सोबत गेली होती!

कॅप्टन मुल्लांनी जमेल तितक्यांना पाण्यात ढकललं, आपलं लाइफ जॅकेट एका खलाशाला दिलं, आणि स्वतः जहाज सोडलं नाही. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. युद्धात बुडालेली स्वतंत्र भारताची ही एकमेव युद्धनौका. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवण्याची जगातली ही पहिलीच वेळ होती. त्यानंतर सुमारे साडेदहा वर्षांनी, १९८२च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची 'बेलग्रानो' बुडवली.

हँगोरच्या मागे आपली जहाजं आणि विमानं चार दिवस लागली होती. ती हाती लागली नाही, कराचीला परतली. आज ती कराचीच्या सागरी संग्रहालयात ठेवलेली आहे.

कानाची गोष्ट

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ती कॅप्टनच्या त्यागापाशी येऊन संपते. वाचताना अंगावर काटा येतो, आपण हात जोडतो आणि पान उलटतो. मला मात्र काकांचं वाक्य आठवत राहिलं, "समुद्र मले ऐकूच जास्त आला." पाणबुडी मारण्यासाठीच बांधलेल्या जहाजाला पाणबुडी ऐकू का आली नाही?

आता माझ्या प्रोजेक्टकडे वळतो. आमच्या ग्रुपचा विषय आहे सबमर्सिबल पंपाची कंपनं मोजून बिघाड आधी ओळखणं. विषय मीच सुचवला. आमच्या शेतातला पंप आठशे फूट खाली. तो जळला की पाइप काढायला मशीन, माणसं, दोन दिवस आणि हजारो रुपये, आणि ऐन उन्हाळ्यात झाडं तहानलेली. माझे बाबा काय करतात, तर पंप सुरू असताना वरच्या लोखंडी पाइपाला कान लावतात. "हवा घेऊन राह्यला," किंवा "बुश गेला याचा," असं सांगतात, आणि दहापैकी आठ वेळा ते खरं निघतं. आम्हाला बाबांच्या कानाच्या जागी सेन्सर लावायचा होता.

सेन्सर लावला, रीडिंग घेतले, कॉम्प्युटरवर आलेख काढला. नुसता गोंधळ! वाहत्या पाण्याचाच आवाज इतका की बेअरिंगचा आवाज त्यात दिसेना. मग बाबा म्हणाले, "वॉल थोडा बंद कर ना." व्हॉल्व्ह अर्धा बंद केला, पाण्याचा जोर कमी झाला, आणि आलेखात ज्या ठिकाणी अपेक्षा होती तिथे सुई उभी राहिली. ऐकायचं असेल तर वेग कमी करावा लागतो. पण वेग कमी केला की बागेला पाणी कमी!

खुकरीपुढे हाच पेच होता. फरक एवढाच की तिथे पणाला संत्री नव्हती.

जहाजावर सोनार असतो. तो पाण्यात 'पिंग' असा आवाज सोडतो आणि पाणबुडीवर आपटून आलेला प्रतिध्वनी ऐकतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. पण जहाज जोरात चाललं की त्याच्या स्वतःच्या प्रॉपेलरभोवती बुडबुडे उठतात, अंगावरून पाणी घसरतं, आणि स्वतःच्याच गोंगाटात तो क्षीण प्रतिध्वनी हरवतो. शिवाय समुद्राचं पाणी वर गरम आणि खाली गार असलं की आवाजाची वाट वाकते, आणि काही भागात तो पोचतच नाही. खुकरीच्या सोनारचा पल्ला हँगोरच्या सोनारपेक्षा कमी होता. आणखी एक साधा हिशोब पाहा. पिंग सोडणाऱ्याला आवाज जाऊन परत यावा लागतो, पण लपून ऐकणाऱ्याला तो एकाच बाजूने पुरतो. म्हणजे मी ओरडून अंधारात कुणाला शोधत असेन, तर मला तो सापडण्याआधी त्याला मी सापडतो. बॅटरीवर जवळजवळ आवाज न करता चालणारी पाणबुडी नुसती कान लावून बसली होती.

आपल्या नौदलाला सोनारची ही उणीव माहीत होती. त्यावर काम करणारा एक तरुण अधिकारी होता, लेफ्टनंट व्ही. के. जैन. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम करून त्यांनी सोनारचा पल्ला वाढवणारी एक जोडणी तयार केली होती. ती खुकरीवर बसवली होती आणि जैन स्वतः जहाजावर होते. पण ती नीट चालायला जहाजाचा वेग कमी हवा. म्हणून खुकरी त्या रात्री १२ नॉटच्या आसपास चालत होती. पाणबुडीचा धोका असलेल्या पाण्यात सावकाश जाणं म्हणजे स्वतःला सोपं लक्ष्य करणं, हे सगळ्यांना माहीत असणार. तरीही वेग कमी ठेवला, कारण ऐकू येत नव्हतं.

जैन परत आले नाहीत.

यावर पुढे पुष्कळ वाद झाले. वेग का कमी केला? लढाईच्या वेळी प्रयोग कशासाठी? मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी २००६मध्ये वाचलेल्या लोकांच्या आठवणी गोळा करून खुकरीवर एक अख्खं पुस्तक लिहिलं. अर्ध्या शतकानंतर हॉस्टेलच्या खाटेवर बसून कोण चुकलं हे ठरवणं सोपं आहे, ते मला करायचं नाही. मला एवढंच दिसतं की जुनं सोनार घेऊन नव्या पाणबुडीसमोर उभं राहायची वेळ आली होती, आणि मधलं अंतर एका तरुण इंजिनीअरने आपल्या हाताने भरायचा प्रयत्न केला. त्याचा प्रयोग पूर्ण व्हायच्या आधीच युद्ध आलं. आपल्या व्हायवाला एक्स्टर्नल येतो, तेव्हा तारीख पुढे ढकलता येते. तिथे नाही.

तळाशी

खुकरी अजून तिथेच आहे. सौराष्ट्रासमोरचा समुद्र उथळ, शंभर मीटरच्या आतच तळ. हे मी बाबांना सांगितलं तर ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे आपल्या बोअरच्या अर्ध्यातबी नाई." इतक्या जवळ आणि तरी आणता न येण्यासारखी.

ते आणायचंही नसतं. युद्धनौका बुडाली तरी ती त्या देशाचीच राहते, आणि आत माणसं असतील तर तिला कबर मानून हात न लावण्याची रीत बहुतेक नौदलं पाळतात. ब्रिटनने तर १९८६मध्ये तसा कायदाच केला. पण कायदा तळापर्यंत पोचतोच असं नाही. इंडोनेशियाजवळ जावाच्या समुद्रात १९४२च्या लढाईत बुडालेली डच आणि ब्रिटिश जहाजं होती, त्यांत विनाशिकाही होत्या. २०१६मध्ये पाणबुडे तिथे गेले, तर काही जहाजं जवळजवळ संपूर्ण गायब! तळावर नुसता खड्डा. भंगारवाल्यांनी पोलाद आणि पितळ तोडून नेलं होतं, आणि त्यासोबत आत असलेली माणसंही. मित्रांनो, लोखंडाला किलोने भाव असतो हे आपल्याला माहीत आहे. पण प्रत्येक लोखंड भंगार नसतं.

दीवला टेकडीवर समुद्राकडे तोंड करून खुकरीचं स्मारक आहे, काचेच्या पेटीत तिची छोटी प्रतिकृती. मुंबईच्या माझगाव गोदीत त्याच नावाची नवी खुकरी बांधली गेली आणि १९८९मध्ये नौदलात आली. बत्तीस वर्षं काम करून डिसेंबर २०२१मध्ये ती निवृत्त झाली. तिला भंगारात न काढता २०२२मध्ये दीवच्या प्रशासनाकडे दिली, संग्रहालय म्हणून. एक खुकरी किनाऱ्यावर, एक तळाशी.

आमच्या घरातला प्रश्न

आता थोडं घरचं. मी नौदलाच्या टेक्निकल शाखेचा फॉर्म भरला आहे. बाबांनी "पाहू" म्हटलं. आई म्हणाली, "इथं नळाले पाणी नाई अन् हा पाण्यातली नवकरी कराले चालला!" सगळे हसले. पण रात्री तिने हळूच विचारलं, "तिथं बोटी बुडतात का रे?"

मी टाळू शकलो असतो. हल्ली लढाया कुठं होतात, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली असती. पण ज्या विषयावर लेख लिहायला घेतला, तो आईपासून लपवायचा? मी तिला खुकरी सांगितली. वेग कमी करण्यापासून ते लाइफ जॅकेटपर्यंत सगळी. तिने मधे एकदाच विचारलं, "अन् ते खाली मशीनपाशी होते, ते?" मी म्हटलं, ते नाही आले. ती उठून गेली. दोन दिवस त्या विषयावर आमच्यात बोलणं झालं नाही.

मग काका घरी आले. त्यांना वाटलं असणार की पोट्टं मागे फिरतंय. मी त्यांना विचारलं, "काका, तुम्हाला खाली भीती नव्हती वाटत?" ते म्हणाले, "वाटे ना. पन मले भेव पान्याचं नोतं वाटत. मशीनचा आवाज बदलला अन् आपल्याले समजलाच नाई त? त्याचं भेव वाटे." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, याले जाऊ द्या नाईतर नका देऊ. पन याचा कान चांगला ठेवा. तो इथंबी कामी येते."

आईने अजून हो म्हटलेलं नाही. एसएसबीचं पत्रही अजून आलेलं नाही. त्यामुळे हा प्रश्न आज तरी सुटलेला नाही, आणि मी तो सुटल्यासारखा लिहिणारही नाही.

शेवटी आपल्याबद्दल

खुकरीवरची बरीच मुलं आपल्याच वयाची होती. आमच्या हॉस्टेलच्या दोन विंग मिळून जेवढी मुलं भरतात, साधारण तेवढी त्या रात्री गेली. त्यांना नमस्कार करणं सोपं आहे आणि तो केलाच पाहिजे. पण आपण इंजिनीअर होणार आहोत. आपल्या वाट्याला नुसता नमस्कार येत नाही, प्रश्नही येतो. ऐकू का आलं नाही? कमी पल्ल्याचं यंत्र किती वर्षं चालवलं? नवं यंत्र शांततेच्या दिवसांत का तपासून झालं नाही? हे विचारलं तर शहिदांचा अपमान होतो असं काहींना वाटतं. मला उलट वाटतं. हे न विचारणं म्हणजे जैन यांचं अर्धवट राहिलेलं काम तिथेच तळाशी सोडून देणं.

आणि हे फक्त नौदलापुरतं नाही. आपल्यापैकी कुणी बॉयलरवर जाईल, कुणी पुलावर, कुणी दवाखान्यातल्या यंत्रावर. आपण कागदावर जो पल्ला लिहू, जो फॅक्टर ऑफ सेफ्टी धरू, त्याच्या खालच्या मजल्यावर कुणीतरी उभा असेल, ज्याला वर काय चाललंय ते दिसत नाही. त्याला दोन मिनिटं मिळणार की दहा, हे आपल्या आजच्या रीडिंगवर ठरतं. रात्री अकराला कॉपी करून भरलेल्या रीडिंगवरसुद्धा!

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. आपल्या लायब्ररीत प्रोजेक्ट रिपोर्टची कपाटं भरली आहेत. त्यातला प्रत्येक रिपोर्ट 'यशस्वीरीत्या पूर्ण' झालेला आहे. प्रत्येक रिपोर्टमध्ये एक पान सक्तीचं करा: काय जमलं नाही आणि का. त्या पानाला मार्क ठेवा. आमच्या ग्रुपने ते पान लिहायला घेतलंय. पंप पूर्ण जोरात चालू असताना आमचा सेन्सर अजून बहिराच आहे, हे त्यात पहिल्या ओळीत लिहिलंय. पुढच्या वर्षीच्या पोरांना तिथून सुरुवात करता येईल.

आणि हॉस्टेलच्या मित्रांनो, तुम्हालाही एक सांगणं. ४ डिसेंबरला स्टेटस ठेवाल, जरूर ठेवा. पण ९ डिसेंबरही लक्षात असू द्या. रात्री ८.५०ला कॉमन रूमचा टीव्ही दोन मिनिटं बंद करू. भाषण नको, घोषणा नकोत. दोन मिनिटं किती असतात तेवढं फक्त मोजू. मग पुन्हा लावा तुमची मॅच.

– अंतिम वर्ष, यंत्र अभियांत्रिकी